घरचा असला की बेरकी

कारखान्यातून,
९ जानेवारी

ती. अक्कास धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र केव्हाच आलं होतं, पण माझे हात सारखे ग्रीसमध्ये, म्हणून उत्तर लांबलं. रागावू नकोस, कारण आता देणार आहे ती बातमी ऐकून राग पळेल. गुडघा चालला! माझा नव्हे, कंडक्टरबाईंचा.

तुला मागे लिहिलं होतं त्यांच्याबद्दल. बसखाली सापडून मांडीपासून पाय गेला, तेव्हापासून डेपोत खिडकीमागे बसून पास लिहितात. त्यांचं एकच म्हणणं, की मला परत चालत्या बसमध्ये उभं राहायचंय. आपल्या कारखान्यात बाबा बनवायचे त्या लाकडी पायांत ते शक्य नव्हतं. गुडघा एक तर काठीसारखा ताठ, नाही तर कधी दगा देईल याचा नेम नाही. आता काय केलंय सांगते, आणि यात तुझाही वाटा आहे. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या शाळेच्या लायब्ररीत ते चाकांचं स्टूल होतं बघ. एरवी भिंगरीसारखं फिरतं, पण वर पाय दिला की भारानं खाली बसतं आणि जमिनीला घट्ट धरतं. तू वर चढून पुस्तकं काढत होतीस आणि मी खाली वाकून स्टुलाचा तळ बघत होते. लायब्ररीत येऊन फर्निचर वाचणारी पहिलीच बाई, असं तू म्हणाली होतीस. तेच गुडघ्यात आणलंय. पायावर भार आला की आतला पट्टा आवळतो आणि गुडघा धरून राहतो. भार सुटला की पट्टा सैल, पाय मोकळा झुलतो. पट्ट्याला आतून चामड्याची पट्टी लावलीय. ती झिजून गुळगुळीत झाली की बदलायची, एवढीच निगा.

बाई काल कारखान्याचा उतार भिंतीला हात न लावता उतरल्या. खाली पोचल्या, वळल्या आणि आमच्याकडे बघून जोरात ओरडल्या, की दारात गर्दी करू नका, पुढे सरका, पुढे सरका! आईच्या डोळ्यांतून हसूनहसून पाणी आलं. मला मात्र हसूही येईना आणि रडूही. मी आपली हातातला पाना पुसत बसले.

भाऊही आला होता. इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता जमिनीवर मांडी ठोकून बसला, बारीकसारीक सगळं विचारलं. त्याची कंपनी दवाखान्यांना सामान विकते, त्यांचा मोठ्या प्रदर्शनात दरवर्षी गाळा असतो. तिथे हा गुडघा ठेवू म्हणतोय. बाबांचं नाव होईल म्हणाला. आई तर ऐकूनच उजळली.

हां, तुझ्या शब्दकोशासाठी ‘बेरकी’ शब्दाचं वाक्य मागितलं होतंस. घे लिहून: आमचा भाऊ बेरकी आहे. याहून सोपं वाक्य मुलांना कुठे मिळणार?

तुझ्या घशाची काळजी घे, वर्गात कमी ओरड. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

&nbsp;

शाळेतून, मधल्या सुट्टीत,
१७ जानेवारी

चि. धाकटीस अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी टीचर्स रूममध्ये अशी किंचाळले की चित्रकलेच्या बाईंच्या हातून कप निसटला. मधल्या सुट्टीत लायब्ररीत जाऊन त्या स्टुलाच्या पाठीवरून हात फिरवून आले. लायब्ररीयनला वाटलं, मला बरं नाही.

तुझ्या वाक्यानं आमच्या शब्दकोशाच्या समितीत मात्र भांडण लावलं. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त हेडसर. त्यांचं मत, ‘बेरकी’ म्हणजे चतुर, लिहून मोकळे व्हा. मी म्हटलं, सर, चतुर माणसाला आपण मुलगी देतो. बेरकी माणसाला द्यायच्या आधी चौकशी करतो. मग ‘धूर्त’ लिहायचं का? तर तेही नाही. धूर्त म्हटलं की माणूस परका झाला. ‘लबाड’ तर पाळण्यातल्या पोरालाही लाडानं म्हणतो आणि खोटी सही करणाऱ्यालाही. मला विचारशील तर या सगळ्या शब्दांत फरक आहे तो बोलणारा कुठे उभा आहे याचा. काम तेच. आपल्या घरच्यानं केलं की बेरकी, शेजाऱ्यानं केलं की कावेबाज. हेडसर म्हणाले, हे कोशात बसत नाही.

झोपाळ्याची गोष्ट आठवते का ग? तू जेमतेम बोलायला लागली होतीस. तू झोक्यावर बसलीस की भाऊ धापा टाकत यायचा आणि सांगायचा, आई हाक मारतेय. तू बापडी उतरून धावत आत. आईनं हाक मारलेलीच नसायची, आणि परत येईपर्यंत झोका त्याचा. सगळं घर हसायचं. आई कौतुकानं म्हणायची, कसा बेरकी आहे मेला! तू पुढच्या वेळी पुन्हा उतरायचीस. मी तेव्हाही हसले होते, आज लिहिताना हसू आलं नाही.

म्हणून एक ऐक. भाऊ आपलाच आहे, त्याच्यावर मी काही संशय घेत नाही. पण प्रदर्शनाला पाठवण्याआधी पेटंटच्या कचेरीत गुडघा तुझ्या नावावर कर. बाबांच्या नव्हे, कारखान्याच्या नव्हे, तुझ्या.

आईला नमस्कार सांग. आणि जेवत जा वेळेवर, नुसता गुडघा चालून भागत नाही.

तुझी,
अक्का

&nbsp;

ऑफिसातून,
२ फेब्रुवारी

चि. धाकटीस भाऊचे आशीर्वाद.

बाई ग बाई, काय केलंस हे! साहेबांना नुसतं तोंडी सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. मी म्हटलं, आमची धाकटी म्हणजे साधीसुधी समजू नका, लहानपणी रेडिओ उघडून परत जोडायची. (जोडल्यावर दोन स्क्रू उरायचे हे नाही सांगितलं. घरची अब्रू!)

आता कामाचं. पेटंटच्या कचेरीतल्या नोंदणीचं तू मनावर घेऊ नकोस. तिथल्या रांगा, तिथले वकील, तुझ्यानं व्हायचं नाही. कंपनीचा वकील बसलेलाच आहे, मी सगळं करून घेतो. तुझे हात पाय बनवण्यासाठी आहेत, उंबरे झिजवण्यासाठी नाहीत. फक्त तू बनवून ठेवलेले दुसरे दोन्ही गुडघे आणि सगळी रेखाटनं आईबरोबर पाठव. आई तशीही तुझ्या वहिनीच्या माहेरच्यांना भेटायला इकडे यायचं म्हणतेय, येताना घेऊन येईल. कंडक्टरबाईंच्या पायात आहे तो राहू दे, पण कारखान्यात आणखी कुणाला बसवू नकोस. बाहेर फुटलं तर नवलाई जाते.

प्रदर्शनाला तू आली असतीस तर बरं झालं असतं, पण चार दिवस कोट-टायवाल्या माणसांत उभं राहायचं तुझ्या जिवावर येईल हे मला ठाऊक आहे. तुझ्या वतीने मी आहेच की. आणि अक्काला एवढ्यात काही कळवू नकोस. ती शब्दाला शब्द लावून आधी भूत उभं करते आणि मग त्याला घाबरते. नक्की झालं की आपण दोघं मिळून तिला धक्का देऊ.

काही मनात आणू नकोस. मी आहे ना? तुझ्या पाठीवरचा हात माझा आहे एवढं लक्षात ठेव.

तुझा,
भाऊ

&nbsp;

घरून,
२१ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र शांतपणे बसून वाच.

तू लिहूनही मी नोंदणी केली नाही. भाऊ करतो म्हणाला, त्याच्यावर सोडलं. गुडघे आणि रेखाटनं आईनं आपल्या हातानं टॉवेलात गुंडाळून नेली. महिना गेला, त्याचा कागदाचा कपटा नाही. विचारलं की काम जोरात चाललंय एवढंच. मग कंडक्टरबाई म्हणाल्या, अहो, आपणच बसमध्ये बसून जाऊ, बघू तरी आपला गुडघा काचेत कसा दिसतो. त्यांना परत बसवर घेतलंय, आता कुठेही फुकट जाता येतं याचाच त्यांना फार अभिमान. मलाही मोह झाला. भाऊला न सांगता गेलो, त्याला धक्का द्यायचा म्हणून.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे रेल्वे स्टेशनाएवढा. त्याच्या कंपनीच्या गाळ्याशी एवढी गर्दी, की आम्हाला मागेच उभं राहावं लागलं. व्यासपीठावर भाऊ, छातीला माइक लावलेला. बाजूला गुडघा, चकचकीत मुलामा दिलेला, खाली पाटी. पाटीवर संशोधक म्हणून भाऊचं नाव.

तरीही मला वाटलं, छापताना चूक झाली असेल. खरंच वाटलं ग. पण तेवढ्यात तो बोलायला लागला. सांगत होता, की आपली थोरली बहीण शिक्षिका आहे, एकदा तिच्या शाळेच्या लायब्ररीत आपण गेलो होतो. ती चाकांच्या स्टुलावर चढून पुस्तकं काढत होती आणि आपण खाली वाकून स्टुलाचा तळ बघत होतो. ती म्हणाली, लायब्ररीत येऊन फर्निचर वाचणारा पहिलाच माणूस! लोक हसले. अक्का, त्यानं तुझी शाळा आजवर बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. माझ्या आयुष्यातली सकाळ तो माझ्यासमोर अंगात घालून उभा होता, आणि ती त्याला माझ्यापेक्षा चांगली बसत होती.

कंडक्टरबाईंना राहवलं नाही. त्यांनी गर्दीतूनच घंटी मारल्यासारखा आवाज काढला. म्हणाल्या, हा गुडघा माझ्या पायात थंडीपासून आहे आणि तो बनवणारी बाई ही माझ्या शेजारी उभी आहे. सगळा हॉल मागे वळला. मला वाटलं, आता भाऊचं तोंड उतरणार. त्यानं एक पापणीसुद्धा हलवली नाही. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, की वा, ज्यांच्याशिवाय हे शक्य नव्हतं त्या स्वतःच आल्या! ही माझी धाकटी बहीण, आमच्या कारखान्यात पाय बसवायचं काम हिच्याकडे असतं, माझ्या कल्पनेला हिचे हात लाभले, हिच्यासाठी जोरदार टाळ्या. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला हाताला धरून वर नेलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. समोर कॅमेरे. आणि अक्का, मी हसले. चारशे अनोळखी माणसं आपल्याकडे बघून टाळ्या वाजवत असली की तोंड आपोआप हसतं. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. भाऊ-बहीण, दोघंही हसतायत.

याहून मोठी गोष्ट अजून पुढेच आहे. वरून मला पहिली रांग दिसत होती. तिथे मधोमध आई बसली होती, नवीन शाल घेऊन. वहिनीच्या माहेरी गेलेली आमची आई. तीही टाळ्या वाजवत होती. माझ्याशी नजर भिडली तेव्हा वाजवायची थांबली, आणि शालीची घडी नीट करायला लागली.

उतरताना मी भाऊला एकच विचारलं, की आतली पट्टी चामड्याचीच ठेवलीय ना. तो माझ्या कानात म्हणाला, चामड्याचा जमाना गेला, आता नवीन रबर आहे, तू काळजी करू नकोस. रबर ओलं झालं की सुटणार हे मला दिसतंय. पण मी ते न सांगताच पायऱ्या उतरून खाली आले.

वकिलाकडे जाऊन आले. त्यानं आधी फोटो बघितला, मग माझ्याकडे. म्हणाला, बाई, तुम्ही तर हसताय.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आत्ता तेवढीच शिल्लक आहे.

धाकटी

&nbsp;

घरून,
२८ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी वर्गावर गेले आणि मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. आयत्या बिळावर नागोबा हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण बीळ आपल्या अंगणात असेल असं वाटलं नव्हतं. त्याला मी लिहिलंय. एकच ओळ: माझ्या लायब्ररीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळव. उत्तर आलेलं नाही.

आईचं मला पत्र आलं. त्यात हवापाणी, वहिनीची कंबर, नव्या फ्लॅटची गॅलरी, सगळं आहे. तुझं नाव नाही. चार पानांत एका मुलीचं नाव टाळायचं म्हणजे केवढी कसरत करावी लागली असेल तिला!

वकिलाचं जाऊ दे, आपण दुसरा बघू. स्टुलाची साक्ष मी देईन, आमचे लायब्ररीयन देतील. पण त्याला वेळ लागेल. तोवर एक कर, आणि हे मी, तुझी सरळमार्गी म्हणून हिणवलेली अक्का, सांगतेय. पट्टीबद्दल गप्प बस. त्याला काही सांगू नकोस. रबर सुटायला लागेल तेव्हा तो तुझ्या दारात येईल. तेव्हा तुझ्या अटीवर बोल. पाटीवर नाव आधी, पट्टी नंतर. केसानं गळा कापणाऱ्यापुढे मान सरळ ठेवून चालत नाही. जन्मात एकदा तरी बेरकी हो ग बाई.

इकडे समितीनं शब्द संपवला. ‘बेरकी: हुशार, चतुर.’ मी विरोध नोंदवला. हेडसर म्हणाले, पुढचा शब्द घ्या.

सुट्टी लागली की येतेच. तोवर मनानं मी तिथेच आहे असं समज.

अक्का

&nbsp;

भाऊच्या घरून,
६ एप्रिल

चि. धाकटीस आईचे अनेक आशीर्वाद.

तू रुसली आहेस हे कळतं मला. तू लहानपणी रुसलीस की कपाटामागे जाऊन बसायचीस, आता पत्र न पाठवून बसली आहेस.

पोरी, मला लपवायचं नव्हतं. पण तुला सांगितलं असतं तर तू दिलं असतंस का? तुझ्या बाबांचं मी काय बघितलं ते तुला माहीत नाही, तू लहान होतीस. त्यांनी किती लोकांना उभं केलं. लोक यायचे, पाय धरायचे, देवमाणूस म्हणायचे आणि चालत निघून जायचे. ज्या पायांवर चालत जायचे ते कुणी बनवले, हे गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत विसरलेले असायचे. हुशारी होती, बेरकीपणा नव्हता. मी तेव्हाच ठरवलं होतं, की माझ्या पोरांत एक तरी बेरकी निघू दे. निघाला. त्याचं मला कौतुक आहे, ते लपवून काय करू?

तुझ्याकडे हात आहेत, त्याच्याकडे तोंड आहे. तुझ्याकडे राहिलं असतं तर तो गुडघा एका कंडक्टरणीच्या पायात झिजून गेला असता. आज शंभर दवाखान्यांत जाईल. नाव कुणाचं का असेना, घराचंच आहे ना? तुला एकटीला नाव घेऊन काय करायचंय? त्याला मुलंबाळं आहेत, चार लोकांत उठबस आहे.

तो वाईट नाही ग. तुला कंपनीत घ्यायला तयार आहे, पाय बसवणाऱ्यांची प्रमुख म्हणून. फक्त एका कागदावर सही कर, की कल्पना त्याची होती. अक्काचं ऐकू नकोस, तिला दुसऱ्याच्या संसारात खडू घेऊन शिरायची सवय आहे.

माझा जीव तुझ्यातही अडकलेला आहे. थोडं आईचं ऐक.

तुझी,
आई

&nbsp;

कारखान्यातून,
१९ मे

भाऊस धाकटीचा नमस्कार.

सही मी करणार नाही, ते आईला सांगितलंय. हे पत्र त्यासाठी नाही.

परवा एक शिंपी पेपरातला फोटो लक्षात ठेवून मला शोधत आले. तुमच्या कंपनीचा गुडघा दवाखान्यात बसवून घेतलेला. पावसाच्या सरीत घराच्या पायऱ्या उतरताना गुडघा सुटला, तोल गेला, मनगट मोडलं. उजवं. कात्री धरायचा हात. गुडघा उघडून बघितला, रबराची पट्टी पाणी लागून साबणासारखी झाली होती.

रबर काढून टाका. रंगवलेलं नव्हे, तेल न लावलेलं, खरखरीत बाजू आत येईल असं चामडं लावा, आणि दर काही महिन्यांनी बदला. कसं कापायचं त्याचा नमुना सोबत पाठवतेय. हेच पत्र, नमुन्यासकट, तुमच्या जाहिरातीतल्या यादीवरून ज्या ज्या दवाखान्यांत गुडघा गेलाय त्या सगळ्यांना आजच टपालात टाकलंय, माझ्या सहीनिशी. तुला एकट्याला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस याची मला खात्री उरलेली नाही.

अक्का म्हणाली होती, थांब, त्याला दारात येऊ दे. एक अख्खा दिवस मी तो उघडलेला गुडघा समोर ठेवून थांबले. मग वाटलं, तू येईपर्यंत आणखी किती जण पायऱ्या उतरतील.

एवढंच. वहिनीला आणि मुलांना मायेनं विचारलंय म्हणून सांग.

धाकटी

&nbsp;

भाऊच्या घरून,
३० मे

धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी आईचे आहेतच.

तुझी पत्रं पोचली, दवाखान्यांतून फोनवर फोन. भाऊ तीन दिवस जेवला नाही. साहेबांनी चारचौघांत उभं करून विचारलं. तुला पट्टीचं माहीत होतं तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मुद्दाम पोटात ठेवलंस. सख्ख्या भावाचं नाव मोठं व्हायची वाट बघितलीस आणि मग घाव घातलास. भाऊ म्हणतो तेच खरं, तू वरून साधी आणि आतल्या गाठीची.

इतकी कावेबाज असशील असं वाटलं नव्हतं. कुणावर गेलीस कोण जाणे.

आई

&nbsp;

कारखान्यातून,
११ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू सुट्टीत राहून गेलीस त्यानंतर पहिल्यांदाच निवांत लिहायला बसलेय. तुझ्याशिवाय घर खूप मोठं वाटलं दोन दिवस, मग कामानं भरून गेलं.

काय काय झालं ते सांगते. कंपनीनं सगळे गुडघे परत मागवून पट्ट्या बदलल्या, चामड्याच्या. नवीन पाटी लागली: ‘सुधारित नमुना’. सुधारणा कुणाची, तर भाऊचीच. त्याला बढती मिळाली, आता परदेशात विकायला जातो. मी वाचलं आणि मला रागसुद्धा आला नाही ग, नुसतं थकायला झालं. आपल्या नव्या वकीलबाई म्हणतात, खटला उभा राहील, पण वर्षं लागतील. मी हो म्हटलंय. लागू देत.

दवाखान्यांनी मात्र एक केलं. पट्ट्या बदलायला, पाय नीट बसवून घ्यायला, लोकांना सरळ माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे सकाळपासून बाकावर माणसं असतात. भाऊचं नाव कोरलेले गुडघे एकेक करून माझ्या टेबलावर येतात. मी उघडते, साफ करते, बसवते. शिंप्यांचं मनगट बरं झालं, त्यांनी मला कामाचा एप्रन शिवून आणलाय, खिसेच खिसे. कंडक्टरबाई ड्युटी संपली की येतात आणि नवीन माणसांना उतारावर चालायला शिकवतात. म्हणजे दटावतात.

तू ‘कावेबाज’ शब्दावरून आईला मोठं पत्र लिहिणार होतीस, ते लिहू नकोस. मीही त्यावर खूप विचार केला. भाऊनं माझं नेलं तेव्हा तो बेरकी होता, मी खरं ते सांगितलं तेव्हा कावेबाज झाले. तू म्हणाली होतीस की घरच्याला एक शब्द आणि परक्याला दुसरा. मग त्या हिशेबानं मी कोण ते आईनं सांगितलंच आहे. तुझ्या कोशात ते बसलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता खरी बातमी. आई परत आलीय. भाऊ सारखा बाहेर, वहिनी माहेरी, तेव्हा हवापालट म्हणून चार दिवस धाकटीकडे जा, असं सांगून त्यानं तिला गाडीत बसवून दिलं. बरोबर मोठी ट्रंक दिली. चार दिवसांना ट्रंक कशाला, हे तिनं विचारलं नाही, मीही नाही. दार उघडलं, तिची खोली झाडून दिली. जेवताना ती भाऊच्या गॅलरीतून काय काय दिसतं ते सांगते. मी ऐकते. टाळ्यांचं, शालीचं, त्या पत्राचं, कुणीच काही काढत नाही.

दुपारी ती कारखान्यात येऊन बाबांच्या खुर्चीवर बसते. आज एक नवे गृहस्थ आले होते, बोलके. मी त्यांच्या पायाशी बसून पट्टी बदलत होते. त्यांना गुडघ्याचं फार अप्रूप. आईला सहज म्हणाले, की आजी, काय डोकं लढवलंय हो, कुणाची कल्पना ही? आईनं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. माझा हात स्क्रूवर होता. मग ती म्हणाली, माझ्या मुलाची.

भाग्यवान आहात, ते म्हणाले.

मी स्क्रू घट्ट केला आणि त्यांना उठून चालायला सांगितलं. ते दारापर्यंत गेले, उतारावर पाऊल टाकलं, गुडघ्यानं धरलं. ते लहान मुलासारखे हसायला लागले आणि पुन्हा पुन्हा वरखाली करायला लागले. आई उठली, माझ्या मागून जाताना थांबली, आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

मी हो म्हणाले.

जमेल तेव्हा ये. इथे एक तरी माणूस असं हवंय, ज्याला काही सांगावं लागत नाही.

तुझीच,
धाकटी